गेथशेमाने म्हणजे तेलाचा घाणा : पवित्र शास्त्र आपण कोणत्या कानांनी ऐकतो?



मावळातील सुदुंबरे हे गाव आपल्यापैकी अनेकांनी तळेगाव-चाकण परिसरात जाता-येता ओलांडले असेल. देहूपासून हे गाव फार दूर नाही. संत तुकाराम महाराजांच्या चौदा टाळकऱ्यांपैकी एक, संत संताजी जगनाडे, यांची समाधी येथे आहे. संताजी व्यवसायाने तेली. तुकोबांचे अभंग लिहून ठेवणारे म्हणून महाराष्ट्र त्यांना ओळखतो. स्वतः संताजींच्या नावावरही अभंग आहेत आणि त्यांतील काहींमध्ये त्यांनी तेलाच्या घाण्याचे रूपक योजिले आहे. देह, मन, प्रपंच, परमार्थ ही सारी भाषा ते घाण्याच्या परिभाषेत बोलतात. ब्राह्मण पंडिताला जे यज्ञाच्या वेदीतून सुचले असते, ते या तेल्याला आपल्या रोजच्या धंद्यातून सुचले. (त्यांची जयंती ८ डिसेंबर रोजी साजरी होते. त्याच दिवशी आपण पवित्र मरियेच्या निष्कलंक गर्भसंभवाचा सण साजरा करतो. हा निव्वळ योगायोग असला तरी तो माझ्या लक्षात राहिला आहे.)

प्रायश्चित्तकाळात एकदा आमच्या तरुणांच्या एका गटाबरोबर मी सुदुंबरे येथे गेलो होतो. परिसरातील संतपरंपरेची ओळख व्हावी एवढाच आमचा हेतू होता. समाधीच्या आवारात एक वयोवृद्ध गृहस्थ बसले होते. त्यांच्या वाडवडिलांच्या घरी लाकडी घाणा होता. घाण्याचे उखळ, त्यात फिरणारा उभा लाकडी दांडा, डोळ्यांवर झापड बांधलेला बैल, कारळे आणि करडई यांतून निघणारे तेल, असे सारे त्यांनी मुलांना हातवारे करून समजावून सांगितले. तेवढ्यात आमच्यातील एका मुलीने मला विचारले, "फादर, तुम्ही धर्मशिक्षणाच्या वर्गात सांगितले होते की गेथशेमानेचा अर्थ तेलाचा घाणा. म्हणजे असाच का?"

मी पटकन 'होय' म्हणून मोकळा झालो. परतीच्या वाटेवर मात्र ते 'होय' मला बोचू लागले. प्रस्तुत लेख त्या बोचणीतून जन्मला आहे.

गेथशेमाने हा शब्द मूळ हिब्रू-अरामी भाषेतील असून त्याचा अर्थ तेल गाळण्याची जागा, तेलाचा घाणा असाच आहे. परंतु जैतुनाच्या डोंगराच्या पायथ्याशी जो घाणा असेल, तो सुदुंबरे येथील घाण्यासारखा नव्हता. पॅलेस्टाईनमध्ये जैतुनाची फळे प्रथम दगडी परातीसारख्या खळग्यात गोल दगडाखाली चिरडली जात. तो लगदा विणलेल्या टोपल्यांत भरून टोपल्या एकावर एक रचल्या जात आणि त्यांवर एक लांब लाकडी तुळई टेकवून तिच्या दुसऱ्या टोकाला मोठमोठे दगड टांगले जात. त्या भाराखाली तेल हळूहळू पाझरत असे. आपल्या घाण्यात बैल गोल फिरतो आणि बी रगडले जाते. तेथे भार नुसता लटकत राहतो आणि फळाचा लगदा दबत जातो. शिवाय जैतुनाचा हंगाम साधारणपणे शरद ऋतूतील, तर वल्हांडण सण वसंतातील. म्हणजे प्रभू येशू आपल्या शिष्यांसह त्या रात्री तेथे गेला, तेव्हा तो घाणा बंद असणार आणि जागा सुनसान असणार. कदाचित म्हणूनच ती प्रार्थनेला सोयीची वाटली असावी.

आता माझ्या बोचणीचे खरे कारण सांगतो. पवित्र गुरुवारच्या रात्री मी अनेकदा असे प्रवचन केले आहे की, गेथशेमाने म्हणजे घाणा. त्या घाण्यात प्रभू आपल्या पापांच्या भाराखाली रगडला गेला आणि तेलाच्या थेंबांप्रमाणे त्याच्या रक्ताचे थेंब जमिनीवर पडले. भाविकांना हे प्रवचन आवडते. परंतु शुभवर्तमाने उघडून पाहिली की काय दिसते? गेथशेमाने हे नाव केवळ संत मत्तय आणि संत मार्क देतात. रक्ताच्या थेंबांसारख्या घामाचा उल्लेख केवळ संत लूक करतो आणि तो गेथशेमाने हे नाव घेतच नाही. लूकच्या शुभवर्तमानातील त्या दोन ओव्या काही प्राचीन हस्तलिखितांत आढळतही नाहीत. संत योहान तर फक्त किद्रोन ओढ्यापलीकडील बागेविषयी बोलतो. घाण्याच्या अर्थावर चौघांपैकी एकानेही भाष्य केलेले नाही. तेव्हा नाव एकाचे, थेंब दुसऱ्याचे आणि त्यांची सांगड घालणारा घाणा माझ्या मनातला!

मग माझे प्रवचन खोटे होते काय? मला तसे वाटत नाही. पवित्र सभा चारही शुभवर्तमाने एकत्र वाचते आणि श्रद्धावंत मन त्यांच्यामध्ये धागे विणते. ही प्रथा दोन हजार वर्षांची आहे. परंतु "संत मत्तयाला हेच सांगायचे होते" असे मी व्यासपीठावरून म्हणालो असतो, तर ती चूक ठरली असती. लेखकाने काय लिहिले आणि आपण त्यात काय ऐकले, या दोन गोष्टींतील अंतराची जाणीव ठेवणे, एवढाच मुद्दा आहे. ही जाणीव सुटली की काय होते, तेही पुढे सांगतो.

तेलाचाच विषय निघाला आहे, म्हणून दहा कुमारिकांचा दाखला घेऊ (मत्तय, अध्याय २५). पाच शहाण्या, पाच मूर्ख. वर उशिरा येतो. मूर्ख कुमारिकांचे तेल संपते आणि शहाण्या त्यांना तेल देण्यास नकार देतात. गावाकडील आयाबाया हा दाखला ऐकल्यावर हमखास एक प्रश्न विचारतात, "फादर, थोडे तेल उसने दिले असते तर काय बिघडले असते?" ज्या संस्कृतीत शेजारणीकडून वाटीभर साखर, पळीभर तेल सहज मागितले जाते, तेथे शहाण्यांचा नकार कठोरपणाचाच वाटणार. प्रश्न प्रामाणिक आहे आणि तो आजचाही नाही.

चौथ्या शतकातील संत जॉन ख्रिसोस्तम यांनी या तेलाचा अर्थ दया आणि दानधर्म असा केला. ते म्हणतात की तेल विकणारे म्हणजे गोरगरीब. त्यांना दिलेले दान हेच आपण विकत घेतलेले तेल आणि ते जिवंतपणीच घ्यायला हवे. त्यांच्यानंतर थोड्याच वर्षांनी संत ऑगस्टिन यांनी तेल म्हणजे प्रीती असे प्रतिपादन केले. सोळाव्या शतकात मार्टिन ल्यूथर यांनी त्याच तेलात श्रद्धा पाहिली आणि दिव्याला बाह्य कर्मांचे प्रतीक मानले. ज्या काळी ख्रिस्तसभा दुभंगत होती, त्या काळाचा वाद या इवल्याशा दिव्यात कसा उतरला आहे, पाहा! तेल एकच, पण प्रत्येक युगाने आपल्या काळातील सर्वांत ज्वलंत प्रश्न त्यात ओतला.

येथे आपल्या मातीतील एक वस्तू या दाखल्याच्या समजुतीला मदत करते. मराठीत आपण 'दिवे' म्हणतो आणि डोळ्यांसमोर पणती किंवा समई येते. परंतु मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ मशाल असाही होतो आणि अनेक अभ्यासकांच्या मते येथे वरातीसाठी पेटवलेल्या, तेलात भिजवलेल्या चिंध्यांच्या मशाली अभिप्रेत असाव्यात. जेजुरीच्या खंडोबाच्या उपासनेत दिवटी आणि बुधली असतात, हे आपल्यापैकी सर्वांना ठाऊक आहे. दिवटी म्हणजे हाती धरायची मशाल आणि बुधली म्हणजे तिच्यावर पुन्हापुन्हा घालायच्या तेलाचे भांडे. बुधलीशिवाय दिवटी फार वेळ तग धरत नाही. शहाण्या कुमारिकांनी दिव्यांबरोबर 'भांड्यांत तेल' घेतले, असे संत मत्तय लिहितो, ते भांडे म्हणजे जणू बुधलीच. पणती तासन्‌तास तेवते. मशाल भराभर तेल पिते. असलेले तेल वाटून घेतले असते तर वरात अर्ध्या वाटेवर अंधारात सापडली असती. नकाराचा कठोरपणा यामुळे नाहीसा होत नाही, परंतु त्यामागील व्यवहार कळतो. युरोपातील विद्वानाला जे तळटीप देऊन समजावावे लागते, ते जेजुरीला जाऊन आलेल्या माणसाला एका वाक्यात कळते.

मात्र आपली संस्कृती आपल्याला काही गोष्टी दाखवते तशी काही झाकूनही ठेवते. मार्क अ‍ॅलन पॉवेल या अमेरिकन ल्यूथरन अभ्यासकाने याविषयी एक साधा पण विलक्षण प्रयोग केला. त्यांनी उधळ्या पुत्राचा दाखला (लूक, अध्याय १५) १०० अमेरिकन विद्यार्थ्यांना वाचायला दिला आणि पुस्तक मिटून तो आठवणीने सांगण्यास सांगितले. त्या शंभरांपैकी फक्त ६ जणांनी त्या देशात पडलेल्या दुष्काळाचा उल्लेख केला. पुढे रशियातील सेंट पीटर्सबर्ग येथे ५० जणांवर त्यांनी हाच प्रयोग केला, तेव्हा ४२ जणांनी दुष्काळ सांगितला. या शहराचे पूर्वीचे नाव लेनिनग्राड. १९४१ ते १९४४ या काळात जर्मन सैन्याच्या वेढ्यात तेथे लाखो माणसे उपासमारीने मेली. ज्यांच्या घरात ती आठवण आहे, ते दुष्काळ विसरतील कसे? टांझानियात त्यांनी विचारले की, तो मुलगा उपाशी का राहिला? तेव्हा बहुतेकांचे उत्तर होते, "कारण त्याला कोणीही काही दिले नाही." हे वाक्यही दाखल्यात आहेच; आपणच ते गाळून वाचतो.

मी हा प्रयोग शास्त्रशुद्ध रीतीने केलेला नाही. परंतु १९७२ चा दुष्काळ पाहिलेली महाराष्ट्रातील पिढी अजून आपल्यात आहे. खडी फोडण्याची कामे, सुकडी, परदेशातून आलेला लाल मिलो यांच्या आठवणी तिच्यापाशी आहेत. त्या पिढीच्या माणसांसमोर हा दाखला वाचावा. डुकरांच्या शेंगांपाशी ते थबकतात. त्यांच्या नातवंडांना मात्र त्यात केवळ चैनीत पैसे उडवणारा मुलगा दिसतो.

याच दाखल्याचा आरंभही पाहा. धाकटा मुलगा बापाकडे वाटणी मागतो. मध्यपूर्वेत अनेक वर्षे राहिलेले केनेथ बेली यांनी तेथील खेडुतांना विचारले असता, बाप हयात असताना वाटणी मागणे म्हणजे त्याचे मरण चिंतणे होय, असे उत्तर त्यांना मिळत असे. आपल्याकडे काय होते? वडिलोपार्जित जमिनीत मुलाचा जन्मतःच हक्क असतो, ही मिताक्षरा परंपरेतील कल्पना महाराष्ट्राच्या हाडीमाशी भिनलेली आहे. (कायद्याने आपणा ख्रिस्ती लोकांना ती लागू नाही. आपल्या वारसाहक्काचा आधार १९२५ चा भारतीय वारसा कायदा आहे. परंतु गावात राहणारा ख्रिस्ती शेतकरीही मनाने मिताक्षरातच राहतो!) त्यामुळे मावळातील माणसाला धाकट्याची मागणी फारशी वावगी वाटत नाही. तळेगाव-चाकण पट्ट्यात कारखाने आले, जमिनींना भाव आला आणि बाप जिवंत असताना वाटण्या मागणारे धाकटेच काय, थोरलेही घरोघरी दिसू लागले. प्रभूच्या मूळ श्रोत्यांना पहिल्या वाक्याला जो धक्का बसला असेल, तो आपल्याला बसत नाही. येथे आपल्याला दुसऱ्या संस्कृतीकडून शिकावे लागते. उलट, थोरल्या भावाचे गाऱ्हाणे मात्र आपल्याला फार लवकर कळते. शेतात राबणाऱ्याच्या नावापुढे सातबारा कोरा आणि विकून खाणाऱ्याच्या पायात नवे जोडे, हे दृश्य कोणी पाहिलेले नाही?

आणि काही ओळी अशा आहेत की त्या भारतीय कानांनीच नीट ऐकू येतात. योहानाच्या शुभवर्तमानाच्या चौथ्या अध्यायात शोमरोनी स्त्री विहिरीवर प्रभूला म्हणते की, यहूदी असून तुम्ही माझ्याकडे पाणी कसे मागता? पुढे लेखक खुलासा करतो की, यहूद्यांचे शोमरोन्यांशी दळणवळण नसते. परंतु त्या ग्रीक क्रियापदाचा अर्थ 'एकच भांडे वापरणे' असा घ्यावा, असे काही नामांकित अभ्यासकांचे मत आहे आणि संत ऑगस्टिन यांनीही ते वाक्य तसेच समजून घेतले होते. ज्या प्रांतात २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना आपल्या अनुयायांसह महाडच्या चवदार तळ्याचे पाणी ओंजळीने पिऊन माणुसकीचा हक्क सिद्ध करावा लागला, त्या प्रांतातील वाचकाला हा अर्थ शब्दकोशावाचून समजतो. विहीर, तहान, भांडे आणि विटाळ ही चार पदे एकत्र आली की पुढचे सांगावे लागत नाही.

पुण्याच्या ज्ञानदीप विद्यापीठात अध्यापन केलेले येशूसंघीय धर्मगुरू फादर जॉर्ज सोआरिस-प्रभू (१९२९–१९९५) यांनी नेमक्या याच दिशेने आयुष्यभर चिंतन केले. युरोपात विकसित झालेली ऐतिहासिक चिकित्सेची पद्धत त्यांना पूर्णपणे अवगत होती, तरीही ती पद्धत भारतीय माणसाचे प्रश्न विचारत नाही, ही खंत त्यांनी स्पष्टपणे मांडली. प्रभू येशू जकातदार आणि पापी लोक यांच्या पंक्तीला बसला, या घटनेचा दलित ख्रिस्ती बांधवांसाठी काय अर्थ होतो, यावर त्यांचा एक महत्त्वाचा निबंध आहे. पाश्चात्त्य टीकाकार त्या भोजनाविषयी बोलताना सहसा मैत्री आणि क्षमा यांविषयी बोलतो. आपल्याला मात्र पंगत दिसते. कोण कोणत्या ओळीत, कोणाचे पान वेगळे, कोणी वाढायचे नाही, हे सारे दिसते. आपल्या ख्रिस्ती समाजातही ही पान वेगळे मांडण्याची वृत्ती पूर्णपणे मेलेली नाही, हे आपण प्रामाणिकपणे कबूल केले पाहिजे. म्हणून ही ओळ आपल्याला नीट कळते आणि म्हणूनच ती आपल्याला अडचणीची वाटते.

शब्दांच्या निवडीतही अर्थ दडलेला असतो. मराठीत पवित्र शास्त्र आणणाऱ्यांना हा प्रश्न पहिल्यापासून भेडसावला. इंग्रज येशूसंघीय फादर थॉमस स्टीफन्स यांनी गोव्यातील साष्टी प्रांतातील नव्या ख्रिस्ती लोकांसाठी ओवीबद्ध ख्रिस्तपुराण रचले आणि १६१६ साली ते राशोल येथे छापले गेले. जुनी पुराणे ज्यांच्या हातून काढून घेतली गेली होती, त्यांना कान भरून ऐकावे असे काही हवे होते. स्टीफन्स यांनी पुराणाचा घाट स्वीकारला आणि स्वर्गासाठी 'वैकुंठ' हा शब्द बेधडकपणे वापरला. त्यानंतर तीनशे वर्षांनी, आपल्याच पुणे जिल्ह्यातील केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये, पंडिता रमाबाईंनी नेमका उलट निर्णय घेतला. संस्कृतच्या त्या प्रकांड पंडिता. तरी त्यांनी हिब्रू आणि ग्रीक शिकून साध्या मराठीत भाषांतर केले आणि पूर्वीच्या धर्मकल्पनांनी भारलेले संस्कृत शब्द शक्यतो टाळले. शिकलेल्या पंडिताला नव्हे, तर अल्पशिक्षित खेडूत स्त्रीला कळेल अशी भाषा त्यांना हवी होती. १९२२ साली त्यांचे निधन झाले. मुक्तीतील स्त्रियांनीच खिळे जुळवून छापलेले ते संपूर्ण बायबल १९२४ साली प्रसिद्ध झाले. त्याच पिढीतील रेव्हरंड नारायण वामन टिळक मात्र आपण तुकारामांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो असे सांगत आणि अभंगाच्या छंदात ख्रिस्ताला आळवत.

तिघांपैकी कोण बरोबर? मला विचाराल तर माझा कल टिळकांकडे आहे, परंतु रमाबाईंची भीती निराधार नव्हती, हेही मी मानतो. 'वैकुंठ' म्हटले की ऐकणाऱ्याच्या मनात विष्णूचे वैकुंठ उभे राहते, ख्रिस्ताने सांगितलेले स्वर्गराज्य नव्हे. आणि 'स्वर्ग' म्हटले तरी इंद्राचा दरबार कुठे सुटतो? आपल्या काळात वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी 'सुबोध बायबल' सिद्ध करताना हीच तारेवरची कसरत केली. २०१३ साली त्यांना साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला आणि २०२० साली उस्मानाबाद येथील मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते. २५ जुलै २०२४ रोजी ते प्रभूच्या भेटीस गेले. त्यांचे बायबल अनेक बिगर-ख्रिस्ती वाचकांच्या घरी पोहोचले, ही त्यांच्या भाषेची पावती आहे.

येथवर वाचून एखादा म्हणेल, "मग प्रत्येकाने आपापल्या समजुतीप्रमाणे अर्थ लावावा, नाही का?" नाही. हे मी एका अनुभवावरून सांगतो.

काही वर्षांपूर्वी मी सेवा करत असलेल्या एका धर्मग्रामात एक वृद्ध भगिनी मधुमेहाने आजारी होत्या. संत याकोबाच्या पत्राच्या पाचव्या अध्यायात, आजाऱ्याने वडीलजनांना बोलवावे, त्यांनी तेल लावून प्रार्थना करावी, म्हणजे तो बरा होईल, असे सांगितले आहे. घरातील एका श्रद्धाळू व्यक्तीने ते वाचून ठरवले की, औषध घेणे म्हणजे विश्वासाची कमतरता. गोळ्या बंद झाल्या. रोज तेल लावून प्रार्थना सुरू झाली. मला कळेपर्यंत तीन महिने उलटले होते. पायाची जखम चिघळली होती आणि पुढे त्यांना दोन बोटे गमवावी लागली. त्या घरातील कोणीही वाईट नव्हते. त्यांनी पवित्र शास्त्रच वाचले होते. त्यांच्याबरोबर बसून ते कोणी वाचले नव्हते, आणि धर्मगुरू या नात्याने त्यात माझाही दोष आहे.

वास्तविक, प्राचीन जगात तेल हेच औषध होते. चांगल्या शोमरोन्याने जखमी माणसाच्या जखमांवर तेल आणि द्राक्षारस ओतला, तो प्रथमोपचार होता. यशयाच्या पहिल्याच अध्यायात, जखमांना तेल लावून त्या मऊ केलेल्या नाहीत, अशी तक्रार आहे. म्हणजे याकोब औषध नाकारत नाही. प्रार्थना आणि उपचार यांना तो एकाच ओळीत बसवतो. शिवाय आपल्या कॅथलिक बायबलमध्ये समाविष्ट असलेल्या बेन सिराच्या ग्रंथाच्या ३८व्या अध्यायात वैद्याचा मान राखा, औषधे परमेश्वराने भूमीतून निर्माण केली आहेत आणि शहाणा माणूस ती नाकारत नाही, असे सांगितलेले आहे. तो अध्याय त्या घरी कोणी उघडला नव्हता. आजही आपण आजाऱ्यांच्या साक्रामेंताला 'तैलाभ्यंग' म्हणतो. दिवाळीच्या पहाटे अंगाला तेल चोळणारी आई आणि आजाऱ्याच्या कपाळाला तेल लावणारा धर्मगुरू यांना मराठीने एकच शब्द दिला आहे. डॉक्टरला दाराबाहेर थांबवणारा अर्थ त्या शब्दात कुठेही नाही.

द्वितीय व्हॅटिकन महासभेने १८ नोव्हेंबर १९६५ रोजी प्रसिद्ध केलेल्या 'देई व्हर्बुम' या दस्तऐवजात यासंबंधी जे मार्गदर्शन केले आहे, ते थोडक्यात असे आहे : लेखकाला आपल्या काळात, आपल्या लेखनप्रकारातून काय सांगायचे होते ते शोधा; तसेच संपूर्ण पवित्र शास्त्राची एकता आणि ख्रिस्तसभेची जिवंत परंपरा ध्यानात घेऊन, ज्या आत्म्याने ते लिहिले गेले त्याच आत्म्याने ते वाचा. १९९३ साली पोपच्या बायबलविषयक आयोगाने याचा विस्तार केला. अनेक अभ्यासपद्धतींचे गुणदोष त्यात समतोलपणे दिले आहेत आणि शास्त्र संस्कृतीत रुजवण्यावर स्वतंत्र भर आहे. एकाच पद्धतीला मात्र आयोगाने सरळ धोकादायक म्हटले आहे. ती म्हणजे इतिहास, भाषा आणि लेखनप्रकार यांकडे पाठ फिरवून प्रत्येक अक्षर जसेच्या तसे लागू करणारी मूलतत्त्ववादी पद्धत. त्या भगिनीची बोटे आठवली की 'धोकादायक' हा शब्द मला अतिशयोक्त वाटत नाही. अमेरिकेत एकेकाळी गुलामांच्या मालकांनी संत पौलाची वाक्ये दाखवून गुलामगिरीचे समर्थन केले आणि त्याच वेळी शेतात राबणाऱ्या गुलामांनी निर्गमाचा ग्रंथ ऐकून मुक्तीची आशा धरली. ग्रंथ एकच होता.

पुन्हा सुदुंबरे येथे येतो. तुकोबांच्या वह्या इंद्रायणीत बुडवल्या गेल्या, तेव्हा लोकांच्या मुखी असलेले अभंग संताजींनी ऐकून पुन्हा लिहून काढले, अशी एक परंपरा आहे. आपली शुभवर्तमानेही लिहिली जाण्यापूर्वी काही दशके प्रेषितांच्या आणि भाविकांच्या मुखीच राहिली होती. ती सांगणारा प्रत्येकजण कोठल्या तरी गावचा होता, कोणता तरी धंदा करणारा होता.

त्या दिवशी मी त्या वयोवृद्ध गृहस्थांना जैतुनाच्या तेलाविषयी थोडे सांगितले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, "तेल काढून झाल्यावर त्या फळांच्या पेंडीचे काय करतात हो फादर? आमच्याकडं जनावरं खातात." चाळीस वर्षांच्या शास्त्राभ्यासात हा प्रश्न मला कधी पडला नव्हता. "बाबा, पाहून सांगतो," असे म्हणून मी निरोप घेतला. घरी येऊन पुस्तके चाळली. जैतुनाचा चोथा वाळवून सरपण म्हणून वापरत. भाकरीच्या भट्ट्याही त्यावर पेटत असत. पुढच्या खेपेला त्यांना हे सांगायचे आहे.